प्रॉम्प्टरला वही दिसत होती

आमच्या गावच्या जत्रेत पालखी देवळात परतली की मध्यरात्रीनंतर नाटक उभं राहतं. बाबा तीसेक वर्षं त्या नाटकांचे प्रॉम्प्टर होते. डाव्या विंगेत एक स्टूल, डोक्यावर टांगलेला झीरोचा बल्ब, मांडीवर वही. प्राथमिक शाळेतले मराठीचे मास्तर, त्यामुळे उच्चार स्वच्छ. आवाज असा कमावलेला की नटाला ऐकू जायचा आणि पहिल्या रांगेला नाही. आमच्या घरात बोलणं कोकणीत, वाचणं-लिहिणं मराठीत, आणि जत्रेला नाटक मराठीच. फोंडा तालुक्यातल्या कितीतरी घरांत हे असंच आहे.

बारा वर्षांपूर्वीच्या जत्रेत दुसऱ्या अंकात सेनापती पलीकडच्या विंगेतून आत आला आणि अडला. त्याला पहिलं वाक्य हवं होतं. बाबा मात्र राजाचंच पुढचं भाषण देत राहिले. सेनापती उभा, राजा गोंधळलेला, पायपेटीवाल्याने वेळ मारून न्यायला दोन सूर धरले. शेवटी कुणीतरी मागून ओरडून सांगितलं तेव्हा कुठे गाडी रुळावर आली. पहाटे चहाच्या वेळी बाबा चिडून म्हणाले, "तो आलाच नव्हता. वहीतलं अक्षर न् अक्षर मला दिसत होतं, माणूस कसा दिसणार नाही?"

ते खोटं बोलत नव्हते. वही त्यांना खरोखरच दिसत होती. प्रॉम्प्टर वहीवर नजर ठेवतो आणि रंगमंच डोळ्याच्या कडेने पाहतो. त्यांची ती कडच गेली होती, आणि गेली आहे हे त्यांना ठाऊक नव्हतं.

आज मागे वळून पाहिलं की किती खुणा सापडतात. दाराच्या चौकटीला सारखा डावा खांदा लागायचा. जेवताना बाजूचं पाण्याचं भांडं हाताच्या धक्क्याने लवंडायचं. सावईवेऱ्याच्या कुळागरात, म्हणजे सुपारीच्या बागेत, पाटाच्या कडेने ते डोळे मिटून चालू शकायचे, तिथे दोनदा पाय पाटात गेला. देवळाच्या चिऱ्याच्या पायऱ्या उतरताना ते आधी पावलाने चाचपून बघू लागले. आम्ही म्हणालो, वय झालं. ते म्हणाले, मोतीबिंदू असेल, पिकला की काढू. चार वर्षांत तीनदा चष्मा बदलला. दरवेळी समोरच्या तक्त्यावरची शेवटची ओळ त्यांनी धडाधडा वाचून दाखवली आणि दरवेळी दुकानातून शाबासकी घेऊन आले. नजर चांगली आहे, मास्तर. एकदा गावात नेत्रतपासणी शिबिर भरलं, तिथेही तक्ता आणि चष्म्याचा नंबर. बाहुली मोठी करून डोळ्याच्या मागच्या भिंतीकडे त्या सगळ्या काळात एकदाही कुणी पाहिलं नाही. याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही. त्या रागात माझाही वाटा आहे, कारण मीही त्यांच्याबरोबर जात होते आणि मीही तक्त्यावरच समाधान मानत होते.

शेवटी मोतीबिंदूच्या ऑपरेशनची तारीख घ्यायला म्हणून बांबोळीला, गोवा मेडिकल कॉलेजात गेलो. तिथल्या तरुण डॉक्टरबाईंनी थेंब घालून बाहुली मोठी केली, भिंगातून बराच वेळ पाहिलं, मग उठून वरिष्ठांना बोलावून आणलं. त्यांनी पाहिलं. मग त्यांनी बाबांना नव्हे, मला विचारलं, "घरात आणखी कुणाला काचबिंदू आहे का?"

मोतीबिंदू आणि काचबिंदू. नावं एका घरातली वाटतात, म्हणूनच घात होतो. मोतीबिंदूत डोळ्याचं भिंग गढूळ होतं. ते काढून नवं बसवलं की नजर परत येते. काचबिंदूत भिंगाचा संबंध नाही, मेंदूकडे जाणारी डोळ्याची नस सुकत जाते, आणि सुकलेली नस पुन्हा हिरवी होत नाही. जुन्या वैद्यकाने गोंधळात भरच घातली आहे. सुश्रुतसंहितेत तिमिर, काच आणि लिंगनाश अशा पायऱ्या येतात, आणि तिथला काच हा आजच्या मोतीबिंदूच्या वाटेवरचा टप्पा वाटतो. काचबिंदूला इंग्रजीत म्हणतात तो ग्लॉकोमा हा शब्दही ग्रीक 'ग्लॉकोस'वरून आला, म्हणजे निळसर हिरवट, समुद्राच्या पाण्यासारखा. बाहुलीच्या रंगावरून ठेवलेलं हे नाव. १८५१ साली हेल्महोल्ट्झने डोळ्याच्या आत पाहायचं यंत्र केलं, तेव्हा कुठे डॉक्टरांना जिवंत माणसाच्या डोळ्यातली नस दिसू लागली.

बाबांना समजावून सांगताना मला आजोळ उपयोगी पडलं. माझं आजोळ दिवाडी बेटावरचं, खाजन शेतीचं, म्हणजे नदीकाठी बांध घालून राखलेल्या शेतीचं. खाजनाच्या बांधात मानस असते, लाकडी दारांची. भरतीला नदीचं पाणी दारं ढकलून लावून घेतं, ओहोटीला आतलं पाणी दारं उघडून बाहेर पडतं. मानस नीट चालली तर शेत सुखरूप. ती अडकली तर पाणी आतच तुंबतं आणि त्याचा भार बांधाच्या सगळ्यात कच्च्या जागेवर येतो. डोळ्याच्या पुढच्या भागातही असं एक स्वच्छ पाणी अखंड तयार होत असतं, मिनिटाला दोन-अडीच मायक्रोलिटर. अश्रूंचा त्याच्याशी संबंध नाही, अश्रू बाहेरचे. भिंगाला आणि पारपटलाला, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्याला, रक्तवाहिन्या नाहीत, त्यांचं पोषण या आतल्या पाण्यावर चालतं. बुब्बुळ आणि पारपटल जिथे मिळतात त्या कोनात बारीक जाळी आहे, तिथून ते निघून जातं. जाळी हळूहळू तुंबली की आतला दाब चढतो, आणि डोळ्याची कच्ची जागा म्हणजे मागे नस बाहेर पडते तिथली. दहा-बारा लाख तंतूंची ती जुडी. दाबाने एकेक तंतू मरत जातो.

बाबांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग दुखलं कसं नाही?"

दुखत नाही, हीच या रोगाची सगळ्यात वाईट गोष्ट. वर्षानुवर्षं हळू चढत गेलेला दाब जाणवतच नाही. आणि दाब म्हणजे सगळं नव्हे. साधारण १० ते २१ मिलीमीटर पारा ही नेहमीची मर्यादा मानतात, पण त्या मर्यादेत राहूनही कित्येकांची नस सुकते. उलट काहींचा दाब थोडा वर असून नस धडधाकट असते. पारपटल पातळ असेल तर यंत्र खऱ्यापेक्षा कमी आकडा दाखवतं. म्हणून 'डोळ्याचं प्रेशर नॉर्मल आहे' एवढ्यावर घरी परतू नये. नस पाहिली का, असं विचारावं. कोन पाहिला का, तेही. आणि रक्तदाबाचा आकडा म्हणजे डोळ्याचा दाब नव्हे. आमच्या शेजारच्या काकी बीपीची गोळी नियमित घेतात म्हणून निर्धास्त होत्या.

पण माणसाला कळत का नाही, हा प्रश्न मला त्या दिवसापासून छळत होता. अर्धं जग नाहीसं होतं आणि माणूस म्हणतो, "म्हाका सगळें दिसता." उत्तर मला माझ्याच अंगठ्यांनी दिलं. दोन्ही हात समोर ताठ धरा, अंगठे वर, एकमेकांना चिकटलेले. डावा डोळा मिटा. उजव्या डोळ्याने डाव्या अंगठ्याकडे टक लावून बघा आणि उजवा अंगठा सावकाश उजवीकडे सरकवा. वीतभराला थोडा कमी असताना त्याचं टोक नाहीसं होतं. नस जिथून डोळ्याबाहेर पडते तिथे प्रकाश टिपणाऱ्या पेशीच नाहीत, त्यामुळे प्रत्येकाला जन्मापासून तिथे एक भोक आहे. पण त्या जागी काळा ठिपका दिसत नाही. मागची भिंत दिसते. आजूबाजूचा रंग ओढून मेंदू भोक बुजवून टाकतो. मी त्या दिवशी स्वयंपाकघरात उभी राहून हे पंधरा-वीस वेळा केलं. दरवेळी अंगठा गेला आणि दरवेळी त्या जागी नीट फरशी होती.

काचबिंदूत असंच होतं. काळोख पसरत नाही, भोकं पडतात आणि मेंदू ती बुजवत जातो. एका डोळ्याची उणीव दुसरा डोळा झाकतो. सेनापती जिथून आला तिथे बाबांना काळोख दिसला नव्हता, रिकामा पडदा दिसला होता.

आता थेंबांचं. रात्री नऊला मोबाईल वाजतो. फ्रिजच्या दारातली बाटली मी काढते. बाबा आरामखुर्चीत मान मागे टाकतात. डावा हात कपाळावर टेकवून मी खालची पापणी बोटाने हलकी ओढते, छोटी झोळी होते. बाटलीचं तोंड पापणीला लागता कामा नये. बाटली दाबली की थेंब आधी टोकाला लटकतो, गोल होतो, मग पडतो. बाबा डोळा मिटतात आणि मी नाकाजवळच्या कोपऱ्यावर बोट दाबून धरते, घड्याळात बघून दोन मिनिटं, म्हणजे औषध नाकात-घशात न उतरता डोळ्यात राहतं. दुसरं औषध पाच मिनिटांनी, नाहीतर पहिलं धुऊन निघतं. पहिले काही महिने अर्धे थेंब गालावरच जायचे. बाबा दरवेळी विचारतात, "पडलो गो?" कारण थेंब डोळ्यात पडला की गालावर, हे त्यांना कळत नाही.

या थेंबांनी काही सुधारत नाही. हे स्वतःच्या मनात उतरवायला मला वर्ष लागलं. तापावरची गोळी घेतली की ताप उतरतो, खोकल्याच्या औषधाने खोकला थांबतो. इथे रोज रात्री औषध घालायचं, सहा महिन्यांनी तपासणीला जायचं, आणि डॉक्टर म्हणतात, "छान, मागच्या वेळेसारखंच आहे." तेवढंच मिळवायचं असतं. लोक मध्येच औषध सोडतात यात मला नवल वाटत नाही. महिन्याचा खर्च आहे, डोळा लाल होतो, जळजळतो, फायदा तर डोळ्यांना दिसत नाही. एका पावसाळ्यात बाबांनीही न सांगता पंधरा दिवस सोडले होते. मी रागावले नाही, पण मागची दोन वर्षांची फिल्ड टेस्टची, म्हणजे कडेच्या नजरेच्या तपासणीची, चित्रं जेवणाच्या टेबलावर शेजारी शेजारी मांडली. करड्या-काळ्या डागांची ती चित्रं सारखीच होती. त्यांनी चष्मा वर करून दोन्ही नीट न्याहाळली, मास्तर वह्या तपासायचे तशी. मग म्हणाले, "आण बाटली."

त्यांना दमा आहे, हे पहिल्याच दिवशी सांगितलं ते किती बरं झालं. टिमोलॉल हे काचबिंदूचं जुनं, स्वस्त आणि चांगलं औषध, पण दमेकऱ्याच्या श्वासनलिका आवळू शकतं. डोळ्याचा थेंब तो काय, असं म्हणून माणूस छातीच्या रोगाचं बोलत नाही. तसंच शीर्षासनाचं. बाबा पहाटे अंगणात शीर्षासन करायचे. डोकं खाली असताना डोळ्यातला दाब दुपटीपर्यंत जातो म्हणून डॉक्टरांनी ते थांबवलं. फिरणं, मात्र, चालू ठेवायला सांगितलं. पुस्तक वाचून किंवा टीव्ही बघून काचबिंदू वाढत नाही, तेव्हा वाचन सुटलं नाही.

आणखी एक गोष्ट लिहिल्यावाचून राहवत नाही. माझ्या मावसबहिणीच्या मुलाचे डोळे दर उन्हाळ्यात खाजून लाल व्हायचे. औषधाच्या एका दुकानातून एकदा थेंब दिले, दोन दिवसांत आराम पडला. मग तीच बाटली पुन्हा, पुन्हा, वर्षानुवर्षं, चिठ्ठीशिवाय. त्यात स्टेरॉइड होतं. स्टेरॉइडचे थेंब दीर्घकाळ घातले तर काहींचा दाब चढतो आणि नस सुकायला लागते, मुलांचीही. तेवीस वर्षांच्या त्या मुलाच्या एका डोळ्याची कड आज गेलेली आहे. आपल्या घरच्या कपाटात अशी अर्धी वापरलेली बाटली असेल तर कृपा करून आजच तिच्यावरचं नाव वाचा. दम्याचा पंप, कातडीला लावायचं मलम, संधिवाताच्या गोळ्या यांतही ते असू शकतं. ते बंद करायचं असेल तर आपल्या मनाने नव्हे, डॉक्टरांना विचारून, आणि डोळ्याचा दाब मोजून घ्यायचा.

काचबिंदूचं दुसरं रूप उलट, धिंगाणा घालत येतं. मावशीला जत्रेच्या रात्री दिव्यांभोवती इंद्रधनुष्याची कडी दिसायला लागली, मग एका बाजूचं डोकं असं ठणकलं की ती ओकू लागली. पित्त म्हणून सगळ्यांनी कोकमाचं पाणी पाजलं. काळोखात बाहुली मोठी होते, आणि ज्यांचा कोन मुळातच अरुंद त्यांचं बुब्बुळ पुढे येऊन जाळीवरच बसतं, वाट एकदम बंद. डोळा लाल, धूसर, दगडासारखा कडक. अशा वेळी सकाळची वाट बघायची नसते. बांबोळी असो, म्हापशाचं जिल्हा रुग्णालय असो की मडगावचं, त्याच रात्री जायचं. मावशी दुसऱ्या दिवशी दुपारी पोचली. दाब उतरवून लेझरने बुब्बुळाला बारीक भोक पाडलं, पाण्याला दुसरी वाट करून दिली. दुसऱ्या डोळ्यालाही आगाऊ तसंच केलं. तो डोळा पूर्ण वाचला. पहिल्याने मात्र त्या एका रात्रीत बरंच गमावलं.

२०१० साली मांडलेल्या एका अंदाजानुसार भारतात चाळिशीपुढच्या सुमारे १ कोटी १२ लाख लोकांना काचबिंदू होता. दक्षिण भारतात गावोगाव जाऊन ज्या पाहण्या केल्या, त्यांत ज्यांच्यात तो सापडला त्यांतल्या दहापैकी नऊहून अधिक जणांना तोवर पत्ताच नव्हता. म्हणजे बाबांसारखे, सगळं दिसतंय असं सांगणारे. आणि हा रोग रक्तातून येतो. नेदरलँड्समधल्या रॉटरडॅमच्या पाहणीत रुग्णांच्या सख्ख्या भावंडांना आणि मुलांना असलेला आयुष्यभराचा धोका इतरांच्या नऊ पटींहून अधिक निघाला. बांबोळीच्या डॉक्टरांनी प्रश्न मला का विचारला होता, ते हे वाचलं तेव्हा कळलं.

मी तपासून घेतलं. पांढऱ्या मोठ्या वाडग्यासारखं यंत्र, त्यात तोंड घालून बसायचं. हनुवटी टेकलेली, एका डोळ्यावर पट्टी, हातात बटण. मधल्या पिवळ्या दिव्यावरून नजर हलवायची नाही. कुठेतरी कडेला ठिणगी चमकली की बटण दाबायचं. खोलीत काळोख, यंत्राचा बारीक खट् आवाज. पहिल्या मिनिटात ठीक होतं. मग आवाज येतो पण ठिणगी नाही. पुन्हा नाही. पुन्हा नाही. तळहाताला घाम सुटला. मला वाटलं, संपलं, माझीही कड गेली. एक चमकली असं वाटून मी दाबलं, आणि चमकली होती की मला हवी होती म्हणून दिसली ते मलाच कळेना. बाहेर आल्यावर तिथल्या ताईंनी पाण्याचा पेला दिला आणि सांगितलं, यंत्र दिवे मुद्दाम इतके मंद करत नेतं की निम्मे दिसूच नयेत, तुमची सीमा कुठे आहे ते त्यातूनच कळतं. हे आधी सांगितलं असतं तर, असं वाटून गेलं, म्हणून इथे लिहिते आहे. माझ्या नसेवर थोडा संशय आहे. औषध नाही, दरवर्षी तपासणी आहे.

दादा मस्कतला असतो. बावन्न वर्षांचा. गेली सहा वर्षं मी फोनवर सांगते आणि तो तेच म्हणतो. "म्हाका सगळें दिसता गो." बाबांचंच वाक्य, बाबांच्याच आवाजात. माझ्या पोटात दरवेळी खड्डा पडतो.

यंदा चवथीला तो आला. बाबा आता शिडीवर चढत नाहीत, म्हणून माटोळी, गणपतीवर टांगायची फळाफुलांची चौकट, त्याने बांधली. बाबा खाली खुर्चीत बसून सांगत होते, तोरिंग मध्ये घे, सुपारीची शिपटी डावीकडे, घागऱ्या अजून बांधायच्या आहेत. खाली ठेवलेल्या डालीतलं एकेक फळ हाताने चाचपून ते नाव सांगत होते. रात्री नऊला मोबाईल वाजला तेव्हा मी गौरीच्या कामात होते. दादाने बाटली काढली. पहिला थेंब गालावर गेला, दुसराही. तिसऱ्या वेळेस त्याने बाबांचं कपाळ हाताने स्थिर धरलं, पापणी ओढली आणि श्वास रोखून बाटली दाबली.

"पडलो रे?"

"पडलो."

मग दोन मिनिटं त्याने नाकाजवळ बोट दाबून धरलं. बाबांचा मिटलेला डोळा इतक्या जवळून त्याने बहुधा पहिल्यांदाच पाहिला असेल. मी काही बोलले नाही. सकाळी चहा पिताना तोच म्हणाला, फोंड्याची वेळ घे.

विसर्जनानंतरच्या गुरुवारी आम्ही गेलो. निम्म्या दिव्यांचं मी त्याला वाटेत सांगायचं ठरवलं होतं, पण गाडी लावायला जागा शोधण्याच्या गडबडीत राहून गेलं. पंधरा मिनिटांनी तो बाहेर आला, कपाळावर पट्टीचा वळ, शर्ट पाठीला चिकटलेला. माझ्याशेजारी बाकावर बसला आणि हळू आवाजात म्हणाला, "अर्दे दिवे म्हाका दिसलेच नात."

मी त्याला निम्म्या दिव्यांचं सांगितलं. त्याने माझ्याकडे बघितलं, मी त्याची समजूत घालते आहे की खरं सांगते आहे ते पारखत. रिपोर्ट घ्यायला मंगळवारी बोलावलं आहे. त्याचं विमान बुधवारचं होतं, ते त्याने पुढे ढकललं.